आप्पांची ६७ ची जीप : हरिकेन परत बसवू, की ट्रॅक्टरचं डिझेलच ठेवू?

रानवाट_खानापूर (धागाकर्ता)

मंडळी, लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

थोरले चुलते, म्हणजे आमचे आप्पा, यांची महिंद्रा सीजे-३बी आता माझ्या ताब्यात आली. नोंदणी १९६७ ची. जांबोटीच्या वर काजूची बाग आहे, तिथं गोठ्याच्या पडवीत ताडपत्रीखाली बरेच पावसाळे काढलेत तिनं. खाली वाकून बघितलं: चासीचे दोन्ही रूळ ठणठणीत, मागचा आडवा मेंबर मात्र कुजलाय. पायाखालचा पत्रा तर नुसता रंगावर उभा आहे. गिअरबॉक्स तोच जुना तीन गिअरचा टी-९०, मागं डाना १८ ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटून देणारा डबा), दोन्ही एक्सल मूळचे. चारही चाकांना ड्रम ब्रेक.

खरी गोम इंजिनात आहे. मूळचं हरिकेन पेट्रोल इंजिन आप्पांनी ऐंशीच्या दशकात उतरवलं आणि इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरचं डिझेल बसवलं. आरसीवर तेव्हाच डिझेलची नोंद करून घेतली आहे, शिक्क्यासकट. हरिकेनचा ब्लॉक, हेड, कार्ब्युरेटर सगळं ग्रीस फासून पोत्यात बांधून ठेवलंय. आप्पा काही फेकत नसत.

वापर म्हणाल तर बागेत जाणं-येणं, हंगामात काजूची पोती, आणि दिवाळीनंतर कधी कणकुंबी-चोर्ल्यावरून गोवा. रोजची गाडी वेगळी आहे.

घरात दोन तट पडलेत. धाकटा भाऊ म्हणतो मूळ पेट्रोल इंजिन बसव, नाहीतर जुनी गाडी म्हणायचं कशाला. मेहुणा म्हणतो सगळं नवं टाक. तुम्ही काय म्हणता?

पुण्याचा_पाहुणा

दोन्ही नको. स्कॉर्पिओचं सीआरडीई, म्हणजे कॉमन रेल डिझेल इंजिन, पाच गिअरचा बॉक्स, पॉवर स्टिअरिंग, पुढं डिस्क, जमलं तर एसी. बाहेरून जुनी, आतून नवी. मित्रानं केली आहे, हायवेला मस्त शंभरनं पळते.

जुना_फिटर (शहापूर, बेळगाव)

पुण्याच्या पाहुण्यांना नमस्कार. शंभरनं पळते ते ऐकलं. शंभरावरनं थांबते का, ते मित्राला इचारून सांगा.

खानापूरकर, नीट ऐका. ही गाडी हरिकेनच्या ७२ घोड्यांसाठी बांधलेली हाय. ८० इंचाचा व्हीलबेस, म्हणजे अंगणातल्या बाजल्यापेक्षा थोडी लांब. रॉस कंपनीचं कॅम-लिव्हर स्टिअरिंग, मधे बेल क्रँक. त्याच्यात नवं असतानासुद्धा चार बोटं खेळ असतोय. तिथं कॉमन रेल इंजिन टाकलं की पहिला टी-९० जातो, मग किकशाफ्ट, म्हणजे एक्सलला फिरवणारा दांडा, मग मागचा एक्सल. म्हणजे ते बी बदला. मग चासीला माउंटिंग कापा, रेडिएटरला पुढचा पत्रा कापा. शेवटी जुनं काय राहतंय? बॉनेट आणि नंबर प्लेट.

आणि त्या इंजिनाला कॉम्प्युटर लागतो. जांबोटीच्या पावसात सेन्सरचं एक कनेक्टर हिरवं पडलं की बागेतच मुक्काम. बी-२७५ ला काय लागतंय? डिझेल, हवा, आणि बॅटरी उतरली तर उतार.

तंबाखू_निपाणी

फिटरमामांशी सहमत, पण अर्धाच.

सीजे-३बी चं बॉनेट एवढं उंच का, माहीत आहे ना? लढाईतल्या विलीज एमबीला गो-डेव्हिल इंजिन होतं, ६० हॉर्सपॉवर, दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच. हरिकेनमध्ये आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडात नेले, बाहेर टाकणारे खालीच ठेवले. इंजिन उंच झालं म्हणून अमेरिकेत १९५३ च्या मॉडेलला बॉनेट चढवावं लागलं. या गाडीचा अख्खा चेहरा त्या इंजिनामुळं झालाय. आणि तुमच्याकडं ते ब्लॉक-हेडसकट पोत्यात आहे! आम्ही लोक एका हेडसाठी कोल्हापूर, मिरज, हुबळीची भंगार मार्केटं पालथी घालतो. इनटेक मॅनिफोल्ड हेडातच ओतलेला असतो, त्यामुळं हेड तडकलं की संपलं सगळं.

माझं मत पक्कं. पेट्रोल बसवा. सकाळी स्टार्ट केल्यावर त्याचा मऊ आवाज ऐका, मग बोला.

रानवाट_खानापूर

@तंबाखू_निपाणी, मोह तिथंच होतोय. पण ई-२० पेट्रोलचं काय?

तंबाखू_निपाणी

हं. दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच उसाची मळी, आपल्याच कार्ब्युरेटरला खाते. जुना पेट्रोल पंप, म्हणजे इंजिनावरचा, त्याचा रबरी पडदा फुगतो, मग कडक होतो. पाइप आतून सुटतात, त्याचे तुकडे जेटमध्ये. काचेच्या वाटीखालचं बुचाचं पॅकिंग गळायला लागतं. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना राळ-गंज धुऊन काढतं आणि फिल्टरमध्ये आणून ठेवतं. सीजे-३बी ची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली असते हे विसरू नका. गळती तिथं परवडत नाही.

उपाय आहेत. इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे पाइप आणि पडदा, टाकी आतून साफ करून कोटिंग, आणि शेवटच्या फेरीनंतर कार्ब्युरेटर कोरडा करून ठेवणं. मी करतो.

जुना_फिटर

तुम्ही करता, कारण तुमची गाडी निपाणीत शटरच्या आत असती. यांची जांबोटीत पावसात चार महिने उभी राहणार. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतंय. पाणी जास्त झालं की दोघं पेट्रोल सोडून तळाला बसतात आणि टाकी तळातनं गंजत येती. डिझेलला बी पाण्याचा त्रास हाय, पण खालचा बोल्ट सोडून पाणी काढलं की झालं.

माजी_फौजी

जय हिंद. मी बेळगावात मराठा सेंटरला होतो, पेन्शननंतर इथंच घर बांधलं. माझ्याकडं लिलावात घेतलेली जोंगा आहे, फौजेची जीप. निस्सानच्या 'पॅट्रोल' गाडीवरून जबलपूरला १९६९ ते १९९९ बनत होती ती. सहा सिलिंडर, ३९५६ सीसी. पेट्रोल किती पिते ते बायकोसमोर बोलत नाही.

मला पण सगळ्यांनी सांगितलं, डिझेल टाका. टाकलं नाही. फौजेत एक शिस्त असते: गाडीसोबत जे पुस्तक आलं, त्यातलं माप, त्यातला पार्ट. पुस्तकाप्रमाणं ठेवली तर पन्नास वर्षांनंतरही दुसरा माणूस ती उघडू शकतो. जुगाड केलेली गाडी ज्यानं केली त्यालाच कळते. तो मेला की गाडी मेली. मूळचंच बसवा.

पुण्याचा_पाहुणा

काका, आदर आहे, पण बाजारात मूळचं म्हणून जे मिळतं त्यातलं निम्मं कालच बनवलेलं असतं. जुन्या कंपनीचं नाव छापलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात नवा नकली व्हील सिलिंडर. त्यापेक्षा चालू गाडीचा नवा पार्ट बरा.

माजी_फौजी

हे मात्र बरोबर बोललात.

आरटीओच्या_दारात (बेळगाव)

इंजिनाआधी कागद बघा रे. सगळे मागाहून माझ्याकडं येतात.

एक. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम केले. ५० वर्षांवरची दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसलेली. नवी नोंदणी फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात व्हीए अक्षरं. ऐकायला झकास. पण ती गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढंच. काजूची पोती त्यात बसत नाहीत.

दोन. साधी नोंदणी ठेवायची असेल तर दर पाच वर्षांनी फिटनेस करून नूतनीकरण. तिथं इन्स्पेक्टर आरसी आणि गाडी जुळवून बघतो. तुमच्या आरसीवर डिझेल आहे. भावाचं ऐकून पेट्रोल बसवलंत तर गाडी जरी 'मूळ' झाली तरी कागदावर ती फेरफार केलेली ठरते! परवानगी, नोंद, इंजिन नंबर सगळं परत.

तीन. स्कॉर्पिओचं इंजिन. कलम ५२ वाचा, आणि जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा. कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालत नाही असं त्यात स्पष्ट आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

अवांतर: गाडी एमएच पासिंगची नाही ना? सीमाभागात निम्म्या जुन्या जीप कोल्हापूर पासिंगच्या, मालक इकडं. बारा महिन्यांच्या वर इकडं ठेवली तर केए नंबर घ्यावा लागतो, कर्नाटकचा टॅक्स भरून.

रानवाट_खानापूर

नाही, पहिल्यापासून इकडचीच. जुना नंबर आहे, तो जाऊ नये एवढीच इच्छा.

पण तुमच्या दुसऱ्या मुद्द्यानं डोकं फिरलं. म्हणजे कागदाच्या हिशोबानं ट्रॅक्टरचं इंजिन हेच मूळ?

तंबाखू_निपाणी

कागद काहीही म्हणो. कारखान्यातून जे आलं ते मूळ.

जुना_फिटर

कुठल्या कारखान्यातनं, गा? हे जुगाड आकाशातनं पडलेलं न्हाय. महिंद्राचीच ट्रॅक्टर कंपनी होती, इंटरनॅशनलबरोबरची, १९६३ ची. पुढं महिंद्रानं त्याच घराण्यातलं २३५० सीसी डिझेल आपल्या जीपमध्ये स्वतःच दिलं. मग १९८० च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजोचं २११२ सीसी आणलं, इगतपुरीत बनवलं, एमएम-५४० त्याच्यावर चालली. तोवर गावागावांत लोकांनी आपापल्या जीपला ट्रॅक्टरचं इंजिन लावून झालं होतं. पेट्रोल महाग, डिझेल स्वस्त, आणि ट्रॅक्टरचा मिस्त्री बैलहोंगलपासून चंदगडपर्यंत प्रत्येक गावात. हरिकेनचा मिस्त्री तेव्हा बी शहरातच.

माझ्या गुरूनं कॅम्पातल्या गॅरेजात असल्या किती जीप केल्या असतील. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी फ्लायव्हील हाऊसिंगची मधली प्लेट उद्यमबागेतल्या फौंड्रीत ओतून घ्यायची, खराद मारायची. ती प्लेट तुमच्या गाडीत असंल तर बघा, कडेला डॉवेलची भोकं हातानं केलेली दिसतील. ह्या भागातल्या जीपचा तोच इतिहास. विलीजचा पोवाडा अमेरिकेत गातील, आपण आपला गाऊ.

माजी_फौजी

हे मी मानतो. रेजिमेंटमध्येही फील्ड मॉडिफिकेशनची नोंद लॉगबुकात होते. नोंद असेल तर तो गाडीच्या सेवेचा भाग.

पुण्याचा_पाहुणा

पण चालवायला कशी? ट्रॅक्टर इंजिन म्हणजे खडखडाट.

चोर्ला_चढण

बऱ्याच दिवसांनी धागा वाचला आणि राहवलं नाही. माझ्याकडं हुबेहूब अशीच जीप आहे, बी-२७५ वाली. वडिलांनी दिली, मी चालवते.

खडखडाट आहे, पण मुद्दा तो नाही. वेग आणि ब्रेक हे दोनच मुद्दे आहेत. वेगाचं गणित सोपं. एक्सलचं प्रमाण ५.३८, टायर ६.००-१६, तिसरा गिअर थेट. इंजिनाच्या २००० फेऱ्यांना ताशी ५० किलोमीटर निघतात, बस. ट्रॅक्टरचं इंजिन त्याच्या वर फार खुशीत नसतं. खानापूर रस्त्यावर ऊस भरलेला ट्रक मागून हॉर्न मारतो, मी डावीकडं घेते. बागेसाठी आणि घाटासाठी हा वेग पुरे. ज्याला घाई आहे त्यानं दुसरी गाडी घ्यावी.

ब्रेक मात्र पुरे नाहीत. इथं मी जुन्याच्या अजिबात बाजूची नाही.

मूळ व्यवस्था एकाच सर्किटची. पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडं ढकलणारा मास्टर सिलिंडर पायाखालच्या पत्र्याखाली, चिखलाच्या माऱ्यात. चारपैकी एका व्हील सिलिंडरचं रबर गेलं, एक पाइप घासून फुटला, की पेडल फरशीला आणि चारही चाकं मोकळी. हँडब्रेक ट्रान्स्फर केसच्या मागं किकशाफ्टवर आहे, उभी गाडी धरायला. पळत्या गाडीला त्यानं थांबवायला गेलात तर किकशाफ्टचे जॉइंट हातात येतील. आणि डिझेलला पेट्रोलसारखी थ्रॉटलची झडप नाही, म्हणून उतारावर पाय सोडल्यावर पेट्रोल इंजिन जसं मागं ओढतं तसं हे ओढत नाही. चोर्ल्याहून गोव्यातल्या साखळी गावाच्या बाजूला उतरताना हे सगळं एकत्र आठवतं.

लोक लगेच डिस्क म्हणतात. थांबा. ड्रमचा पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो, म्हणून हलक्या पायानं काम होतं. डिस्कला तसं नसतं, तिला जोर बूस्टरनं द्यावा लागतो. बूस्टरला व्हॅक्यूम लागतो. ट्रॅक्टर इंजिनात व्हॅक्यूम नाही. म्हणजे व्हॅक्यूम पंपवाला अल्टरनेटर, त्याचं ब्रॅकेट, त्याचा ऑइल पाइप. बूस्टर न लावता डिस्क लावलेली एक जीप मी चालवून बघितली, पेडल दगड होतं. शिवाय ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, तो तसाच राहिला तर डिस्क पॅड घासत राहतात, चाक तापतं.

मी काय केलं: ड्रम चारही नवे, व्हील सिलिंडर नवे, सगळे धातूचे पाइप नवे, आणि दोन कप्प्यांचा टँडम मास्टर सिलिंडर. पुढचं सर्किट वेगळं, मागचं वेगळं. जुन्याच पेडलवर, वेगळं ब्रॅकेट बोल्टनं बसवून. चासीला एकही नवं भोक नाही. जुना मास्टर सिलिंडर डब्यात ठेवलाय.

जुना_फिटर

ह्या ताईंनी माझं काम हलकं केलं. जे बोल्टनं बसतंय आणि बोल्टनं निघतंय ते खुशाल नवं लावा. ग्राइंडर मागितला की थांबा.

डायनामो काढून अल्टरनेटर लावा, डायनामो आयडलला चार्जच करत न्हाय. हेडलाइट चांगले लावा. पुढची चाकं ज्याच्यावर वळतात त्या गोल नकलला (नक्कल न्हवं, knuckle) नवे ऑइल सील आणि किंगपिनच्या शिम बघा, स्टिअरिंगचा निम्मा खेळ तिथंच जाईल. आणि पुढच्या पाट्यात एक जादा पान घातलं हाय का बघा. बी-२७५ हरिकेनपेक्षा जड, जुने मिस्त्री पान वाढवायचे.

लेथमशीन (उद्यमबाग)

ड्रमचा विषय निघालाय म्हणून. ९ इंची ड्रम बाजारात मिळतात, पण दर्जा कसाही. आमच्या इथं फौंड्रीत ओतून घेता येतात, फक्त जुना ड्रमच पॅटर्न म्हणून वाळूत दाबू नका. ग्रे आयर्न थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. ९ इंच म्हणजे २२८.६ मिलिमीटर, त्यात दोन मिलिमीटरच्या वर गेले, वर मशीनिंगला माल हवा तो वेगळा. पॅटर्न मोठा करून घ्यावा लागतो. मालही एफजी २६० सांगा, भंगार वितळवून कुणीतरी काहीतरी ओतलं असं नको. दोन-चार जीपवाले मिळून एक लॉट केला तर परवडेल.

दुसरं, बोल्ट. मूळ जीपचे आटे इंची आहेत. कुणीतरी मधे मिलिमीटरचे बोल्ट ठोकून बसवलेले असतात, तेही बघून घ्या. गिअरबॉक्सच्या बीडात तसा बोल्ट गेला असेल तर आटे गेलेच.

चोर्ला_चढण

@लेथमशीन, लॉटमध्ये माझे चार धरा. जादाचे ठेवून देईन.

तंबाखू_निपाणी

म्हणजे सगळे मिळून हरिकेन पोत्यातच ठेवणार. मला हे पटलेलं नाही, पटणारही नाही. शेतात न्यायला बोलेरो पिकअप मिळते. जुनी जीप माणूस ठेवतो ती ती जशी होती तशी बघायला.

रानवाट_खानापूर

@तंबाखू_निपाणी, तुमचं बोलणं खोटं नाही. पण माझ्या आठवणीत ती गाडी कधी पेट्रोलची नव्हतीच. आप्पा ट्रॅक्टरच्या आवाजात यायचे, आम्ही लांबून ओळखायचो. मी जशी होती तशीच ठेवतोय, फक्त तुमची 'होती' १९६७ ची आणि माझी १९८६ ची.

तर ठरलं ते असं. आधी नूतनीकरणाचे कागद, डिझेलच्या नोंदीवरच. इंजिन उघडून लायनर-पिस्टन आणि पंप-नोझल. मागचा आडवा मेंबर जुन्या मापाने नवा बनवून घेणार. चासीला तेवढंच वेल्डिंग, बाकी काही नाही. टँडम मास्टर सिलिंडर, नवे ड्रम, नवे पाइप. अल्टरनेटर. पायाखालचा पत्रा नवा. गिअरबॉक्स तोच, पहिला गिअर सिंक्रो नसलेला, घालताना उभं राहूनच घालायची सवय लागेल. डिस्क, पॉवर स्टिअरिंग आत्ता नाही. मेहुण्याला बाजूला स्टेपनीचा कव्हर निवडायला दिलाय.

पुण्याचा_पाहुणा

एसी पण नाही?

जुना_फिटर

काच खाली पाडून चालवा. पुढची. झोपती ती, बॉनेटवर.

खानापूरकर, चाकं काढायच्या आधी एक. डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात जुन्या जीपला. पंक्चरवाल्याच्या हातात पान्हा द्यायच्या आधी सांगून ठेवा, नाहीतर पाइप लावून स्टड पिळून टाकतोय.

तंबाखू_निपाणी

बरं, हरलो. हरिकेन विकणार नाही हे समजलं. पण एक उपकार करा. पोत्यातून एकदा बाहेर काढाल तेव्हा हेडावरचा ओतीव नंबर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या स्टडमधली अंतरं मोजून व्यनि (खाजगी निरोप) कराल का? माझा मॅनिफोल्ड तडकलाय, लेथमशीनभाऊंकडं पॅटर्न करायचा म्हणतोय.

रानवाट_खानापूर

मोजून कशाला, मॅनिफोल्डच घेऊन जा. पॅटर्न झाला की परत आणून द्या. पोतं बांधायचा सुंभ तेवढा नवा आणा, हा कुजलाय.

लेथमशीन

मॅनिफोल्डला आकसणं वेगळं धरावं लागेल, आत पोकळीसाठी वाळूचा कोअर आहे. दोघं मिळून या, ड्रमही घेऊन या.